शेजारची सीट

"तिथे नाही चिकटणार ते."

आवाज जमिनीतून यावा तसा आला. ती दचकली आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्या हातून निसटून धुळीत पडलं. शेजारच्या मोडक्या गाडीखालून आधी एक काळाकुट्ट हात बाहेर आला, मग कपाळ, मग दोन डोळे. हाताने चुंबक उचललं, रुमालाला डाग लागू नये म्हणून चिमटीत धरलं आणि तिच्यापुढे केलं.

"पोच्यात पुट्टी भरलीय त्या जागी," तो उताणा पडूनच म्हणाला. "तळहाताएवढी. वरून रंग झकास दिलाय, पण चुंबकाला रंगाचं काय… त्याला लोखंड लागतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोनदा घसरलं तुमच्या हातातून. मी खालून बघत होतो."

"खालून बघत होता?"

"चुंबकाकडे!" तो घाईने म्हणाला. काळ्या तेलाखालूनही कान लाल झालेले दिसू शकतात, हे तिला त्या दिवशी कळलं. पण कान लाल होणं हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. ते कोणालाही जमतं.

जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या त्या आवारात ती चुंबक घेऊन आली होती खरी. पण व्यवहार कालच होऊन गेला होता. गाडी काल घेतली आणि तपासणी आज चालली होती! बाबा असते तर चष्म्यावरून नुसते बघत राहिले असते. बाबांनी आयुष्यभर अपघात झालेल्या गाड्या तपासल्या. विमा कंपनीचे सर्व्हेअर. चुंबक त्यांचंच, रुमालही त्यांचाच. 'एकदा बघून घेतो,' हे त्यांचं पालुपद. दूधवाल्याच्या मापापासून लेकीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं ते एकदा बघून घेत. ते गेल्यावर कपाटातून हे चुंबक निघालं, आणि त्यानंतर काही आठवड्यांत, ग्रंथालयातलं काम आटपून घरी जाताना, रोजच्याच रस्त्यावर, तिने ही गाडी न बघता घेऊन टाकली. काचेच्या बाटलीसारखी हिरवी, दोनच माणसांची, वरचं छत दुमडून मागे टाकता येणारी. छताच्या चिंध्या झाल्या होत्या. का घेतली, ते तिला सांगता आलं नसतं. एकदा अशीच एक गाडी सिग्नलला शेजारी थांबली होती, तेव्हा बाबा म्हणाले होते, "दोनच सीटा. शुद्ध मूर्खपणा." आणि सिग्नल सुटल्यावरही ते मान वळवून बघत राहिले होते.

दलालाने मोठ्या थाटात किल्ली फिरवली. गाडी खोकली, हुंदका दिल्यासारखी हलली आणि गप्प झाली.

"कालपर्यंत एका किल्लीत सुरू होत होती, मॅडम!"

"काल माझी नव्हती ना," ती म्हणाली.

गाडीखालचा माणूस आता उभा राहिला होता. हातात कुठल्याशा भंगारातून काढलेला एक पार्ट. "मागच्या गल्लीत गॅरेज आहे आमचं," तो म्हणाला. "दोरी बांधून नेऊ. जुन्या गाड्यांचं कामच करतो आम्ही."

ती दलालाकडे बघत होती. दलाल आभाळाकडे बघत होता. गाडी आवारातच बंद पडते काय, गॅरेजवाला आवारातच झोपलेला असतो काय… दोघांचं साटंलोटं असणार. नसेल कशाला!

पण शहरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी फोनवरच हात वर केले. असली गाडी आम्ही घेत नाही म्हणाले. शेवटी दोरी बांधली गेली. दोरीची गाठ तिने एकदा बघून घेतली.

*

"दोन सीटा," आत्या म्हणाली. "एक तुझी. दुसरी कोणाची?"

"तुझी."

"माझी? त्यात बसायचं म्हणजे आधी दोघांनी मला घडी घालून आत ठेवायला हवं." आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, तक्रार केली नाही आणि वयाला भीक घातली नाही. दर रविवारी खिडकीत बसून ती नखं लालभडक रंगवायची. आता बाबांच्या माघारी घरात या दोघीच. बाबांची खुर्ची मध्ये. तिच्यात कोणी बसत नव्हतं आणि तिला कोणी हलवतही नव्हतं.

"आणि तो गॅरेजवाला कसा आहे?" आत्याने फुंकर घालत विचारलं.

"कसा म्हणजे? गॅरेजवाल्यासारखा."

"तरुण आहे?"

"आत्या!"

"अगं, तरुण असला तर जास्त लबाड असतो, म्हणून विचारलं. हे लोक चांगले पार्ट काढून घेतात आणि टाकाऊ घालतात. तुझे बाबा किती वेळा सांगायचे. खूण करून ठेव तू." तिने नेलपॉलिशची बाटली पुढे सरकवली. "एकेक ठिपका लाव गुपचूप. ठिपका गेला की समज, पार्ट गेला."

विनोदाने म्हणाली असेल. पण हिने बाटली पर्समध्ये टाकली.

*

गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. वर पत्रे, खाली तेल पिऊन काळी गुळगुळीत झालेली जमीन, भिंतीवर नट आवळायचे पाने मापाप्रमाणे ओळीने टांगलेले. सकाळचं काम काका बघत, दुपारनंतरचं पुतण्या, तोच गाडीखालून निघालेला. त्याचे आई-वडील लहानपणीच गेले, काकांनी वाढवला. काकांना ऐकू कमी यायचं, ते बोलायचे त्याहून कमी, आणि दुपारी काम आटपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन दारातल्या स्टुलावर बसायचे, परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या मुलासारखे.

ती रोज ग्रंथालय सुटल्यावर यायची. "एकदा बघून घेते," म्हणायची आणि बाबांचा टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरायची. नट-बोल्टांवर जागोजागी पिवळ्या, मधूनच लाल रंगाचे शिंतोडे दिसायचे. गबाळं काम, असं तिने मनातल्या मनात नोंदलं.

"या, इन्स्पेक्टर मॅडम," तो म्हणायचा. "आज काय जप्त करताय?"

"आज नुसती चौकशी. हा पाइप काल नव्हता."

"कालचा फाटका होता. हा घ्या, ठेवलाय तुमच्यासाठी." तो जुना पाइप कापडात बांधून तिच्या हातात द्यायचा. जे जे काढलं ते ते परत द्यायचा. तिच्या टेबलाखाली फाटके पाइप आणि झिजके पट्टे यांची रास साठली. तिला वाटायचं, इतका प्रामाणिकपणा दाखवतोय म्हणजे खरी चोरी दुसरीकडे कुठेतरी चालू आहे.

एकदा तो ग्रंथालयातच उगवला. हात घासून घासून धुतलेले, केस ओले. सभासद झाला, प्रवासवर्णनाचं एक जाडजूड पुस्तक घेऊन गेला आणि आठवड्याच्या आत परत घेऊन आला. परत आलेली पुस्तकं पान न् पान उलटून बघणं हे तिचं कामच. कोणी चित्रं कापून नेतं, कोणी शेवटचं पान. तिने याचंही पुस्तक त्याच्यासमोरच उलटलं. मध्यावर, एका वाळवंटाच्या वर्णनाशेजारी, अंगठ्याचा काळा ठसा होता.

"हे काय?"

"इथवर वाचलं, त्याची खूण," तो म्हणाला. "दंड किती?"

"पुढचं नाही वाचलंत?"

"पुढे तो माणूस एकटाच जातो. म्हटलं, त्याला जरा थांबवू. कोणी सोबत मिळते का बघू…"

तिने मान खाली घालून ठसा खोडरबराने पुसायला घेतला. ठसा काही गेला नाही. खरं तर तिने फार जोर लावलाही नव्हता.

त्याच आठवड्यात, छताचा सांगाडा आणि शेजारची सीट गाडीत नुसती बसवून ठेवलेली असताना, तो चहा आणायला गेला आणि काका स्टुलावर डुलक्या घेत होते. तिने पर्स उघडली. सांगाड्याच्या बिजागऱ्यांवरचे बोल्ट, सीटखालचे बोल्ट, आतला आरसा, हेडलाईटच्या काचेची कड. सुईच्या माथ्याएवढा एकेक लाल ठिपका. तो परतला तेव्हा ती अगदी शहाण्यासारखी बाकावर बसली होती.

"कसला तरी वास येतोय," तो म्हणाला.

"पेट्रोलचा," ती म्हणाली.

*

नवं कापडी छत चढलं त्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं, पण पडत काही नव्हतं. "पाणी मारून बघू," तो म्हणाला. "तुम्ही आत बसा. मी पाइपने पाणी मारतो. कुठे गळतं ते सांगा."

तिने विचार केला. पाणी मारणारा गळकी जागा सहज चुकवू शकतो.

"तुम्ही आत बसा," ती म्हणाली. "पाणी मी मारते."

त्याने कपाळाला हात लावला, पण बसला. तिने चारी बाजूंनी पाणी मारलं. आतून आवाज आला, "कोरडं!" तिने पुन्हा मारलं. "कोरडं आहे हो!"

"मी एकदा बघून घेते."

मग पाइप काकांच्या हातात गेला आणि ती शेजारच्या सीटवर जाऊन बसली. दार लागलं. वर पाणी पडू लागलं. आधी टपटप, मग सलग, आणि बाहेरचं सगळं जग काचेवरून ओघळून नाहीसं झालं. आत नव्या कापडाचा वास, दोन माणसांचे श्वास. खांद्याला खांदा लागत नव्हता… पण न लागण्यासाठी दोघांनाही लक्ष द्यावं लागत होतं.

"गळतंय?" त्याने हळूच विचारलं.

"नाही."

"मग काकांना थांबवायला सांगू?"

"इतक्यात नको," ती म्हणाली. आणि स्वतःच्याच आवाजाने चपापली.

तो हसला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. नजर चुकवायची म्हणून तिने वर, आरशाकडे पाहिलं.

आरशावर ठिपका नव्हता.

अंगावर पाणी ओतावं तसं झालं तिला. ती दार उघडून बाहेर आली, पाण्याखालून भिजत समोर गेली, टॉर्च लावला. हेडलाईटची काच लखलखीत. ठिपका तिथेही नाही.

"माझा हेडलाईट कुठे आहे?"

तो मागोमाग बाहेर आला होता. "समोर तर आहे."

"हा माझा नाही."

"मग कोणाचा?"

"तेच विचारतेय. आणि आरसा?"

"मॅडम, मी फक्त पुसलंय सगळं. नवं काही घातलं असतं तर जुनं तुमच्या हातात दिलं असतं. आजवर दिलंय."

"म्हणूनच," ती म्हणाली. "छोट्या गोष्टी परत करायच्या म्हणजे मोठ्यांकडे लक्ष जात नाही."

काकांनी पाइप बंद केला. ऐकू आलं नसेल, पण चेहरे त्यांना वाचता येत होते. पुतण्याने खिळ्यावरची किल्ली काढून तिच्या हातात ठेवली.

"गाडी चालू आहे. घेऊन जा. छत मात्र थोडे दिवस उघडू नका, कापड ताणून बसायला हवं. लगेच दुमडलं तर घडी पडते, ती कायमची."

यातही त्याचा काहीतरी डाव असणार, असं मनाशी म्हणत तिने गाडी बाहेर काढली. आरशात तो दिसत होता. हात पुसत उभा. हात कोरडे होते तरी पुसत.

*

शहराबाहेरच्या चढावर तिने गाडी थांबवली आणि दोन्ही कड्या काढून छत मागे लोटलं. उघडू नका म्हणे! काय दडवलंय ते बघूच. दडवलेलं काही दिसलं नाही. वर नुसतं आभाळ होतं, राखाडी, खूप मोठं.

ती निघाली. वारा केसांत शिरला आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिला वाटलं की छातीत पुरती हवा जातेय. तेवढ्यात मागे खडखडलं. दुमडलेलं छत एका बाजूने उचकटलं, पक्षी पंख उघडतो तसं उभं राहिलं आणि फडाफडा वाजायला लागलं. तिने करकचून ब्रेक दाबला. गाडी थांबली. शेजारची सीट मात्र थांबली नाही. ती जागची सुटली आणि पुढे जाऊन डॅशबोर्डवर आदळली.

ती स्टिअरिंग धरून बसून राहिली. शेजारी कोणी नव्हतं. एवढंच मनात येत होतं, की शेजारी कोणी नव्हतं.

लहानपणी बाबा तिला कधीकधी कामावर न्यायचे. मोडक्या गाडीत ते आधी शेजारची सीट बघायचे. चालवणाऱ्याची नंतर. का, म्हणून तिने विचारलं होतं. "चालवणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं गं," ते म्हणाले होते. "शेजारच्याने नुसता विश्वास ठेवलेला असतो."

तिने त्याला फोन लावला. त्याच्या पापांची यादी तयार होती. पण "हॅलो" म्हटल्यावर पुढे शब्दच फुटेना.

"कुठे आहात?" त्याने विचारलं. "नुसतं कुठे ते सांगा."

तो काकांचा टेम्पो घेऊन आला. उडी मारून उतरला आणि गाडीकडे न बघता आधी तिच्याकडे बघितलं. "लागलंय कुठे?"

तिने नाही म्हणून मान हलवली.

मग तो वाकला. सीट उलटी केली, बिजागऱ्या चाचपल्या, सुटलेले बोल्ट तळहातावर घेतले. त्याचा चेहरा उतरत गेला.

"सगळे लाल आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आमच्याकडे बोल्ट आवळून झाला की रंगाचा ठिपका लावायचा. पिवळा माझा, लाल काकांचा. दोघांच्या वेळा वेगळ्या ना. ठिपका असला की दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही, तो झालेला आहे. हे मी हातानेच फिरवून ठेवले होते, दुसऱ्या दिवशी आवळायला. आलो तर लाल दिसले. म्हटलं, काकांनी सकाळी उरकलं." तो थांबला. "काकांचा लाल बघितला की मी परत बघत नाही. कधीच नाही बघितलं."

तिचा हात पर्सवर गेला, बाटली होती तिथे.

"पिवळा… तो ठिपका असतो?" एवढंच ती म्हणाली.

"मग तुम्हाला काय वाटलं, शिंतोडे?" तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला. "हेडलाईटच्या काचेवर, आरशावरही लाल होता. मी म्हटलं, काकांचा ब्रश ठिबकला, म्हणून थिनरने पुसला. तेव्हाच कळायला हवं होतं मला. हात थरथरायला लागलेत त्यांचे… आज शेजारी कोणी असतं तर?"

परत येताना, पुढची चाकं उचलून टेम्पोला जोडलेली हिरवी गाडी मागून मुकाट येत होती. तो समोर बघत म्हणाला, "काकांना कसं सांगू? पाना हातातून काढून घेतला तर त्या माणसाकडे दुसरं काय आहे?"

सांगायचं होतं तिला. शहराची वेस येईपर्यंत सांगायचं होतं, मग सिग्नलला, मग गल्लीच्या तोंडाशी.

*

काकांनी पुतण्याच्या तळहातावरचे बोल्ट बघितले. त्याने मोठ्याने, कानाजवळ जाऊन, पण फार मऊ आवाजात सांगितलं. तिला वाटलं, आता हे चिडतील, मी लावलेच नाहीत म्हणतील. काकांनी बोल्ट नीट बाकावर मांडले.

"मी बघितले होते लाल ठिपके," ते म्हणाले. "मला आठवेना मी कधी लावले ते. घाबरलो. म्हटलं, आवळलेही असतील… विसरलो असेन. हल्ली होतं असं. तुला बोललो नाही." त्यांनी लाल रंगाचा डबा घेतला, झाकण दाबून बसवलं, फळीवर मागे सारून ठेवला. "पोरीचा जीव गेला असता. माझे हात गेले, पोरा. उद्यापासून मी नुसता बसेन."

आणि ते हात धुवायला निघाले.

"थांबा," ती म्हणाली. ऐकू गेलं नाही. ती धावत पुढे गेली, पर्समधून बाटली काढली आणि नळाशेजारच्या कट्ट्यावर, त्यांच्या डोळ्यांसमोर, एक ठिपका लावला. सुईच्या माथ्याएवढा. लाल.

"हा माझा आहे," ती ओरडली. रडायला येत होतं म्हणून जास्तच मोठ्याने. "ते सगळे माझे आहेत! तुम्ही काही विसरला नाहीत. तुमचे हात ठीक आहेत. मी लावले… तुम्ही पार्ट बदलाल म्हणून. तुम्ही चोर असाल म्हणून."

नळ वाहत होता. काकांनी ठिपक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे, आलटून पालटून, हरवलेली वस्तू सापडल्यासारखं. मग ते मटकन स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे पुसले. "नेलपॉलिश!" ते म्हणाले. "अरे, नेलपॉलिश!" आणि हसू लागले.

पुतण्या हसला नाही.

"रोज येत होतात," तो म्हणाला. "मला वाटलं…" आणि पुढे न बोलता शेडच्या मागच्या दाराने निघून गेला.

*

"मी गंमत केली होती, गधडे," आत्या म्हणाली. पण त्या रविवारी तिने नखं रंगवली नाहीत. "माफी मागितलीस?"

"काकांची मागितली."

"आणि दुसऱ्याची?"

"तो फोन उचलत नाही."

आत्या बाबांच्या खुर्चीकडे बघत राहिली. "तुझ्या बाबांनीही सगळं तपासलं गं आयुष्यभर," ती म्हणाली. "शेवटी तू हॉस्पिटलात नेत होतीस तेव्हा मागे मी होते. तो तुझ्या शेजारी बसला आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत झोपला. पट्टा लागलाय का तेही बघितलं नाही. इतका शांत मी त्याला कधी बघितला नव्हता."

हिला ते माहीत होतं. ते दोघींनाही माहीत होतं. आजवर बोललं गेलं नव्हतं, एवढंच.

मग एका दुपारी त्याचा निरोप आला. कोरडा, मुद्द्याचा. 'लाल ठिपक्यांतले तुमचे कुठले आणि काकांचे कुठले ते कळत नाही. येऊन दाखवा.'

ती गेली. टॉर्च लावला. पण तिलाही आठवेना. काही नक्की तिचे होते, काहींची खात्री नव्हती. "मग सगळेच पुन्हा," तो म्हणाला, आणि गाडीखाली सरकला. ती टॉर्च धरून गुडघ्यांवर बसली. तो एकेक बोल्ट आवळत गेला.

"एक विचारू?" खालून आवाज आला.

"विचारा."

"चोर समजत होतात, तर रोज कशाला यायचात?"

"चोरावर नजर ठेवायला."

"ठेवलीत?"

"ठेवली… पण घसरली."

पाना थांबला. "कितीदा?"

"दोनदा," ती म्हणाली. "एकदा ग्रंथालयात. एकदा पाणी मारत होते तेव्हा."

गाडीखालून एक काळाकुट्ट हात बाहेर आला, पहिल्या दिवसासारखा. तिने टॉर्च खाली ठेवला आणि तो हात धरला. तेलाचा होता, तरी धरला.

"रंग कोण लावणार आता?" काका स्टुलावरून ओरडले. त्यांना चेहरे दिसत नव्हते, तरी सगळं दिसत होतं. "तो आवळतोय, तू लाव. पण माझ्या लालला हात लावायचा नाही हं, पोरी. तुझा वेगळा घे." त्यांनी फळीवरून एक डबा काढून दिला. निळा.

*

छत ताणून बसलं. कापडावर घडी पडलीच होती, पहिल्या दिवशी उघडल्याची, मधोमध. ती काही आता जायची नव्हती. पुट्टीची जागाही तशीच राहू दिली. "चुंबक चिकटलं नाही म्हणूनच तर आपली ओळख झाली," तो म्हणाला, आणि तिने ते खोडून काढलं नाही.

सकाळी तो गाडी घेऊन तिच्या घराखाली आला. उन्हात हिरवा रंग नुकताच धुतल्यासारखा दिसत होता. वर खिडकीत आत्या होती, दहाही नखं लाल. "सावकाश ने रे!" ती ओरडली. "आमची एकुलती एक फौजदार आहे ती!"

त्याने दोन्ही कड्या काढून छत मागे दुमडलं. मग किल्ली तिच्यापुढे धरली.

तिने किल्ली घेतली नाही. ती वळसा घालून पलीकडे गेली आणि शेजारच्या सीटचं दार उघडलं.

"टॉर्च आणलाय?" त्याने विचारलं.

"नाही."

"चुंबक?"

"कपाटात आहे."

"मग सीट तरी हलवून बघा एकदा. काल रात्री काकांनीही आवळलीय आणि मीही. पण बघून घ्या. मी काही म्हणणार नाही."

ती बसली. सीट हलली नाही. तिनेही हलवून बघितली नाही. पट्टा लावला आणि त्याच्याकडे वळली.

"तू बघितलंस ना?"

तो येऊन स्टिअरिंगमागे बसला. तो 'तू' त्याने ऐकला होता.

"बघितलं," तो म्हणाला.

"मग चल."

गाडी एका किल्लीत सुरू झाली. आत्याचा आवाज मागे पडला, झाडांच्या सावल्या अंगावरून सरकू लागल्या. कोपरा जवळ येत होता. तिने डोकं मागे टेकवलं आणि गाडी वळायच्या आत डोळे मिटून घेतले.